लेट गाडी

इन्सुलिनची सुई रोज पोटात टोचून घेतली तर आपल्या पदरात काय काय पडेल, याची मोजणी लडक्या वरठाने दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्याच उरकली. निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं. सकाळी सहा दहाची डहाणू–तलासरी. ड्रायव्हरची उंच सीट, जिथून आशागडच्या पुढे रस्त्याकडेला हात वर करणारी माणसं लांबूनच दिसत. तलासरीच्या स्टँडवर न मागता समोर येणारा चहा. तो यापुढे बिनसाखरेचा, पण येणार. आणि टळणार होतं ते डेपोतलं हलकं काम. हा ‘हलकं’ शब्द त्याला आपलंच वजन केल्यासारखा झोंबायचा.

ड्रायव्हरांच्या तपासणीत त्याची दहा वर्षं अंगावर काढलेली साखर चारशेच्या वर निघाली होती. तिमाहीची सरासरी, जी टक्क्यांत मोजतात, ती तेरा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, तपासणारे साहेब म्हणाले, तोवर रजा.

“किती पाहिजे सरासरी?” त्याने विचारलं.

“सातच्या आसपास,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण घाई नाही हां, काका. दहा युनिटपासून सुरू करू. दर आठवड्याला दाखवायला या. मी सांगेन तसं वाढवायचं.”

आता, ज्याने सत्तावीस वर्षं गाडी हाकली त्याला ‘घाई नाही’ म्हणणं सोपं, ऐकायला लावणं अवघड. डेपोतून गाडी उशिरा सुटली तर टाइम वाटेत भरून काढायचा, ही लडक्याची ख्याती होती. चारोटीचा टोलनाका तुंबलेला असला तरी हा तलासरीला वेळेवर. साखरेची गाडी दहा वर्षं लेट होती. ती भरून काढायची, एवढंच त्याला समजलं.

दहाचे बारा त्याने स्वतःच केले. मग सोळा. मग चोवीस. भाकरी बंद, भात बंद. आठवड्याला दाखवायला जायचं ते जाणंही बंद, कारण बाईंनी ब्रेक लावला असता. मशीनवरचा आकडा रोज खाली यायचा आणि हा तो शेजारच्या प्रविणला फोन करून कळवायचा, जशी काही पोराची दहावीची टक्केवारी.

“एकशे दहा!”

“अरे, क्रिकेटचा स्कोअर सांगतोस का?” प्रविण म्हणायचा.

बायको, शुक्री, मात्र आकड्याकडे बघत नसे. ती हाताकडे बघायची. “हात कापतो तुझा. खा काहीतरी.”

“खाल्लं की वर चढते.”

“मग चढू दे. उतरून उतरून कुठं जाणार हाय ती?”

सातव्या आठवड्यात ते कळलं. पायांत गेली.

आधी तळव्यांना मुंग्या, मग आग. चुलीतल्या निखाऱ्यांवर उभं केल्यासारखी. पांघरुणाचा पदर बोटांना लागला तरी लडक्या ओरडायचा. पहाटे उठून शुक्री बघायची, तर हा मोरीशी स्टुलावर बसलेला, दोन्ही पाय बादलीत, आणि बादलीतल्या पाण्याकडे अशा नजरेने बघतोय, जणू त्यानेच फसवलंय.

वाडीने निकाल द्यायला वेळ लावला नाही. सुईनं केलं. सुई बंद कर. प्रविणच्या मेव्हण्यालाही सुईनंच केलं होतं म्हणे. त्याला काय झालं होतं ते मात्र कुणाला नीट सांगता येईना. शुक्रीने कुणाचं ऐकलं नाही. रिक्षा केली आणि नवऱ्याला दवाखान्यात नेऊन बसवलं.

डॉक्टरीणबाईंनी त्याने आकडे टिपलेली वही शेवटपर्यंत चाळली आणि मिटली.

“सुईनं केलं ना?” शुक्रीने विचारलं.

“सुईनं नाही मावशी, घाईनं. साखर दहा वर्षं वर होती. नसांना तिची सवय झालेली. दोन महिन्यांत खाली आपटली की नसा ओरडतात. सुई सोडायची नाही. मी डोस बसवून देते. दुखण्याची गोळी देते. कमी होईल.”

“कधी?” लडक्याने विचारलं.

“वर्ष लागेल. कदाचित जास्त. आणि इतक्यात गाडी नाही, काका. ऐकताय ना?”

ऐकलं त्याने. तपासणी महिन्यावर आली होती, तेही त्याने ऐकलं.

तपासणीच्या दिवशी सरासरी निघाली सहा पूर्णांक चार. तपासणारे साहेब खूश. “असे पेशंट पाहिजेत. पायांना काही त्रास? मुंग्या वगैरे?”

“झकास,” लडक्या म्हणाला आणि दोन्ही बूट जमिनीवर दाबून उभा राहिला. बाहेर आल्यावर भिंतीला टेकून त्याने डोळे पुसले. शुक्रीने त्याच्या हातातला फिट असल्याचा कागद घेतला आणि घडी न करताच पिशवीत कोंबला.

सोमवारी सहा दहाला तो सीटवर चढला. कंडक्टर नयनाने दरवाजा लावला आणि ओरडली, “आले का आमचे जावईबापू सासुरवाडीहून! बारीक झालात भाऊ, वहिनी जेवायला घालत नाही वाटतं?”

“घंटी मार, बाय. बडबड कमी कर.”

गाडी भरली होती. पुढच्या सीटवर भाजीच्या पाट्या घेऊन बसणारी मावशी होती, तीच, जिच्यासाठी तो स्टॉप नसलेल्या जागी थांबायचा. खिडकीतून वारा आला. क्लच दाबला की टाचेपासून गुडघ्यापर्यंत विस्तव चढत होता. तो दात आवळून सोसत होता. सोसायचं त्याने ठरवलंच होतं. हिशेबात तेवढं धरलं होतं.

आशागड गेलं. पुढच्या वळणावर रस्त्यात शेळ्या आल्या. त्याने पाय उचलला, आणि पाय कुठे आहे ते त्याला कळेना. ब्रेकवर की बाजूला? आगच आग, तिच्यात पाय सापडेना. लडक्या वरठाने मान खाली घालून बघितलं.

सत्तावीस वर्षांत त्याने कधी आपल्या पायांकडे बघून गाडी चालवली नव्हती.

पाय ब्रेकवरच होता. गाडी थांबली. शेळ्या निवांत पलीकडे गेल्या. कुणाला धक्कासुद्धा बसला नाही. त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं.

“काय झालं, भाऊ?” नयना पुढे आली. “पंक्चर?”

“डेपोत फोन लाव. दुसरा ड्रायव्हर पाठवा म्हणावं.”

“पण गाडीला झालंय काय?”

“गाडी बरी हाय.”

नयनाने त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिने फोन काढला.

लडक्या दांड्याला धरून एक एक पायरी उतरू लागला. मावशीने मान बाहेर काढली. “अरे, तू कुठं उतरतोस?”

“इथंच, मावशी.”

रस्त्याकडेच्या आंब्याखाली बसून त्याने बूट काढले, मोजे काढले आणि पाय दवाच्या गवतात ठेवले.

दुसरा ड्रायव्हर आला तेव्हा सात वाजून गेले होते. प्रवाशांची प्रत्येकी पन्नास मिनिटं गेली. मावशीची मेथी थोडी सुकली. बाकीची सगळी किंमत त्या गवतात बसलेल्या माणसाने भरली. गाडी सुटली, नव्या ड्रायव्हरने काही टाइम भरून काढला नाही, सावकाश नेली. ती वळणाआड जाईपर्यंत लडक्याचा डावा पाय गवतात हळूच दाबला जात होता आणि सुटत होता, प्रत्येक गियरला.