नटावरची रेघ

आई गेल्यापासून धाकटीला काहीच होत नव्हतं. रडू नाही, भूक नाही, राग नाही. मोठी बहीण म्हणाली, "अगं, एकदाची रड आणि मोकळी हो." धाकटीने मान डोलावली आणि कामावर गेली. विमानदुरुस्तीच्या नव्या तुकडीत ती सगळ्यांत शेवटी लागलेली, म्हणून हँगरमध्येही तिचं नाव धाकटीच पडलं होतं. नोकरी अजून कच्ची होती. एक चूक झाली की घरचा रस्ता.

नव्यांना शिकवायला फोरमनकाका होते. माणूस तोंडाने फटकळ, पण शिकवायचे जीव तोडून. नट खास पान्याने आवळायचा, पुरेसा घट्ट झाला की पाना 'कट्' म्हणेपर्यंत. मग नट आणि नळी दोन्हींवरून लाल रंगाची एक रेघ ओढायची. पुढे नट सैल होऊन फिरलाच तर रेघ तुटते आणि लगेच दिसतं.

"आधी कट्, मग रेघ," काका कानीकपाळी ओरडायचे. "रेघ आधी ओढाल आणि आवळायचं विसराल, तर ती रेघ सगळ्यांना फसवेल. तपासनिसाला फसवेल, तुम्हालाही फसवेल."

त्या सकाळी धाकटीने इंजिनाच्या इंधननळीचे नट बसवले. तपासनिसाने बॅटरी मारून रेघा पाहिल्या, सगळ्या अखंड. झाकण लागलं, विमान बाहेर नेलं, प्रवासी चढू लागले. धाकटी चहाचा कप धरून बसली होती. चहा गरम आहे की गार, तेही तिला कळत नव्हतं. आणि उगाचच मनात आलं, शेवटच्या नटाचा कट् ऐकला का आपण?

रेघ ओढलेली आठवत होती. रंगाचा वाससुद्धा आठवत होता. मधेच बहिणीचा फोन आला होता, आईच्या कपाटातल्या साड्यांचं काय करायचं म्हणून. कट् मात्र काही केल्या आठवेना.

गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. खरं तर भीतीने तिची गाळण उडायला हवी होती, पण भीतीही आली नाही. ती उठली आणि काकांसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, विमान थांबवा. शेवटचा नट आवळलाय की नाही, आठवत नाही."

"आठवत नाही म्हणजे?"

"रेघ आठवते. कट् आठवत नाही."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि फोन उचलला. वेळापत्रक सांभाळणारे साहेब, ज्यांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणायचे, तणतणत आले.

"रेघ दिसली ना तपासनिसाला? मग हिच्या आठवणीसाठी अख्खं विमान रिकामं करू?"

"करा," काका म्हणाले.

प्रवासी कुरकुरत उतरले. झाकण उघडलं. रेघ सरळ, देखणी, कुठेही तुटलेली नाही. काकांनी दोन बोटांनी नट धरला आणि तो फिरला. जमिनीवर इंधनाचा टिपूसही न गळू देणारा तो नट वर आकाशात इंजिनाच्या थरथरीने सुटला असता.

धाकटी नुसती बघत राहिली. आता गेली नोकरी, एवढंच तिला वाटलं, आणि तेही दुसऱ्या कोणाची जावी तसं. काकांनी तुकडीतल्या सगळ्यांना जवळ बोलावलं, जुनी रेघ पुसली आणि पाना तिच्याच हातात दिला.

"आवळ."

कट्. सगळ्यांनी ऐकला.

"आता रेघ ओढ."

तिने रंगाचा पेन नटावर टेकवला आणि हात थरथरायला लागला. आई गेल्यापासून पहिल्यांदा. रेघ वाकडीतिकडी झाली, रंग बाजूला फासला गेला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती घाईघाईने रेघ पुसायला फडकं शोधत होती.

"राहू दे," काका म्हणाले. "चौकशी होईल, मी असेन तुझ्या बाजूला बसलेला. तोवर घरी जा, बहिणीपाशी."

मग ते बाकीच्यांकडे वळले.

"ही रेघ बघून ठेवा रे. सकाळची सरळ होती."