न पेटलेला राब

सगुणाबाईंनी सकाळी लेकाला फोनवर धडधडीत खोटं सांगितलं. "राब लावला रं, झ्याक पेटलाय," म्हणाल्या आणि फोन ठेवून जांभळाखाली पाय पसरून बसल्या. काड्यापेटी कनवटीला तशीच होती.

खाचरात तोडलेल्या फांद्या, शेण, पालापाचोळा हातभर पसरून वर माती टाकली होती. हा राब भाजायचा आणि त्या राखेत भाताचं बी टाकायचं. माले गावातल्या सगळ्यांचे राब केव्हाच भाजून झाले होते, सगुणाबाईंचा तेवढा राहिला होता. डोंगरातून भारे वाहून मान आखडली होती आणि गुडघ्यांनी तर कधीचाच असहकार पुकारला होता. पण बोलायची चोरी. एकुलता लेक शंभू पुण्याजवळ सूसला राहायचा आणि तीन वर्षं त्याचं एकच पालुपद होतं, "आये, रिसॉर्टवाला जमीन भाड्यानं मागतोय. तू फकस्त दमले म्हन, मी त्याला व्हय म्हनतो." सगुणाबाई कसल्या म्हणतात! 'मेले' म्हणाल्या असत्या, 'दमले' म्हणाल्या नसत्या.

जरा टेकू म्हणून टेकल्या आणि त्यांचा डोळा लागला. जाग आली तेव्हा ऊन डोक्यावरून कललं होतं आणि जांभळावरून काहीतरी सूं करत गेलं. एक लांब पंखांचं पांढरं विमान, पण इंजिनाचा आवाज म्हणून नाही. ते वरच्या खाचरात आपटलं, बांधाला धडकून उसळलं, त्याचा एक पंख मोडला आणि नाक राबात खुपसून ते थांबलं. चार पावलांवर दगडी बांध होता आणि त्याखाली ओढा.

सगुणाबाई धावल्या. गुडघ्यांना विचारायला सवड नव्हती. वरचं काचेचं झाकण उघडलं आणि आतून एक तरणी पोर पाल्यात कोसळली. कपाळाला खोक, पाय सुजलेला, बाकी धड. सगुणाबाईंनी तिला ओढून सावलीत आणलं आणि तांब्यातलं पाणी पाजलं.

"मावशी, याला इंजिन नसतं," ती सांगू लागली. तिचं नाव क्षितिजा. "एकटीनं तिसऱ्यांदाच उडत होते. डोंगराकडे लांब आले आणि उंची संपली. वरून सगळं सपाट दिसत होतं हो. बांध दिसलेच नाहीत."

"आसूं दे, बाय. हायस न्हवं जिती?"

थोड्या वेळात निम्मं गाव जमलं. पौडहून ॲम्ब्युलन्स निघाली होती. कुणीतरी फोन केल्यामुळे सूसहून शंभूही मोटारसायकल हाणत आला. शेजारचे कोंडीबा राबाभोवती एक फेरी मारून म्हणाले, "पोरीचं नशीब. ह्यो राब सकाळी लावला आसता, तर आत्ता आतनं नुस्ता इस्तू आसता. थेट इस्तवात शिरली आसती."

क्षितिजाने सगुणाबाईंचा हात घट्ट धरला. शंभू मात्र आईकडे बघत होता.

"आये, सकाळी तर म्हनलीस, लावला म्हून. मग लावला का न्हाईस?"

सगुणाबाईंनी कनवटीची काड्यापेटी चाचपली. काड्यापेटी सादळली, वारं लई होतं, असं काहीही सांगता आलं असतं आणि गावाने ते मानलंही असतं. पण समोर ही पोर जिवंत बसली होती आणि तिच्यादेखत खोटं बोलायला जीभ रेटेना. शिवाय खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो, तोही उरला नव्हता.

"दमले व्हते रं," त्या म्हणाल्या. "बसले, ती उठलेच न्हाई. लई दमलीया मी, शंभू."

एवढं बोलल्या आणि त्यांना रडू आलं. लाजही वाटली आणि मोकळंही वाटलं. ज्या शब्दासाठी शंभू तीन वर्षं टपून होता तो आज आयता हातात पडला. पण तो नुसता आईशेजारी मातीत बसला.

"मग सांगू का रिसॉर्टवाल्याला?" त्याने हळूच विचारलं.

"सांग." पदराने डोळे पुसून त्यांनी कनवटीची काड्यापेटी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "पर ह्या सालाचं भात व्हऊं दे. ह्ये धूड उचलून न्हेलं, की राब लावायचा. काडी तू वढ. मी बसून बघंन."