सुट्टीची खुंटी

डॉ. लँग यांनी डोक्यावरची जुनी टोपी काढून टेबलावर ठेवली, नवी घातली, आणि समोर कॅमेऱ्यांचा लखलखाट झाला.

"घातली टोपी," आर्विला नायगार्ड म्हणाली. "आपल्याला."

कॉलेजांच्या बास्केटबॉल लीगच्या कचेरीत संगणकावर हा समारंभ बघायला ती आणि लीगचे आयुक्त ट्रेंट मॅककॉलगन असे दोघंच होते. मॅककॉलगन हसले नाहीत. खालच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरांचं यंत्र घरघरत होतं आणि ते त्या क्षणाला शोभूनही दिसत होतं.

टॅमरॅक कॉलेजनं चौसष्ट वर्षांनी लीग सोडली होती. तिथले प्राचार्य डॉ. लँग पडद्यावर चौथ्यांदा 'झेप' हा शब्द वापरत होते. मोठ्या लीगमध्ये गेलं की सामने टीव्हीवर दिसतात, टीव्हीवर दिसलं की विद्यार्थी रांग लावतात, असा एकंदर हिशेब. हा माणूस चार वर्षांपूर्वी गाद्यांच्या कंपनीतून आलेला. बास्केटबॉलबद्दल त्याला एवढंच ठाऊक होतं की चेंडूत हवा भरतात, आणि ती कला तो भाषणातही वापरत होता.

नव्या लीगमधला त्यांचा सगळ्यात जवळचा शेजारी चारशे दहा मैलांवर होता. हे डॉ. लँग यांनी सांगितलं नाही. आर्विलानं नकाशावर पट्टी ठेवून काढलं.

तेहेतीस वर्षं लीगचं वेळापत्रक तीच लावत होती. कार्डावर हुद्दा 'कार्यालय सहायक' असाच होता. तिच्या सुतार वडिलांनी केलेला भोकांचा एक फळा होता आणि दहा खुंट्या, दहा कॉलेजांच्या. प्रत्येक खुंटीच्या एका बाजूला कॉलेजच्या रंगात नाव, दुसरी बाजू कोरी. खुंट्या एकेक भोक पुढं सरकवल्या की पुढची फेरी तयार. जवळजवळच्या कॉलेजांच्या पाच जोड्या. पाहुणा संघ गुरुवारी जोडीतल्या एकाशी खेळायचा, शनिवारी दुसऱ्याशी, आणि रविवारी बस घरी. एका फेरीत दोन सामने. सगळी लीग या जोड्यांवर तोललेली होती.

टॅमरॅकची जोडी केलर कॉलेजशी. दोघं वीस मैलांच्या अंतरावर, पार पश्चिमेच्या टोकाला, जिथं पुढं नुसती बीटाची शेतं आणि वारा. टॅमरॅक गेलं म्हणजे केलर एकटं पडलं. एका सामन्यासाठी सहा तास बस हाकत तिथं जायला कोण बसलंय?

मॅककॉलगन यांना यावरचा उपाय दुसऱ्याच दिवशी सुचला. शुक्रवारी नऊ प्राचार्यांची बैठक होती. त्यांनी आर्विलाला ठराव टाइप करायला दिला : केलर कॉलेजला लीगमधून मोकळं करावं.

"आठ हा आकडा स्वच्छ असतो, आर्वी," ते म्हणाले. "नऊ विषम आहे. मी त्या शिकागोच्या कंपनीच्या लोकांचं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. ते नऊ घेतच नाही."

तिला आर्वी कुणीच म्हणत नसे. तिनं ठराव टाइप केला. 'मोकळं करावं' हे शब्द दोनदा वाचले. कुत्रं रस्त्यावर सोडून येणारी माणसंही असंच म्हणत असतील, असं तिला वाटलं.

बुधवारी दुपारी केलरच्या मुलींच्या संघाची प्रशिक्षक आली, जोलीन प्रेस्टबी. कडेवर आठ महिन्यांचं बाळ, खांद्यावर त्याची पिशवी, आणि बुटांना अजून एप्रिलचा चिखल. आयुक्तांना भेटायचं होतं. आयुक्त आतल्या खोलीत होते. त्यांनी आतूनच सांगायला लावलं की ते बाहेरगावी आहेत. दरवाज्याखाली त्यांचे बूट दिसत होते. जोलीननं ते पाहिले, आर्विलानंही पाहिले.

जोलीननं मग उभ्याउभ्याच सांगितलं. अकरा मुली आहेत. लीग नसली तर कॉलेज संघच बंद करणार, तसं तिच्या कानावर घातलंय. चौघींनी आत्ताच दुसरीकडं चौकशा चालवल्यात. ती बोलत असताना बाळानं टेबलावरच्या फळ्याकडं झेपावून एक खुंटी उपटली आणि सरळ तोंडात घातली. जोलीनच्या चेहऱ्यावरची लीगची काळजी क्षणात ओसरली. तिनं बोट घालून खुंटी काढली, रंग खरवडला गेलाय का ते उजेडात धरून पाहिलं, बाळाची जीभ पाहिली, मगच श्वास सोडला.

"माफ करा हं. याला काहीही दिसलं की तोंडात."

"असू दे. जुना रंग आहे, निघत नाही," आर्विला म्हणाली.

खुंटी टॅमरॅकची होती. निळी अक्षरं आर्विलानं स्वतः काढलेली. त्या कॉलेजच्या मुलींच्या अगदी पहिल्या संघात ती खेळली होती. मुलग्यांचे जुने शर्ट, पाठीमागं पिना लावून घट्ट केलेले. तिचा चौदा नंबर. टॅमरॅकच्या क्रीडागृहात तिसऱ्या रांगेतली तिची प्रेक्षकातली कायमची खुर्ची अजून तिथंच होती. डॉ. लँग यांच्या झेपेत ती खुर्ची कुठं बसते, हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

तिनं खुंटी रुमालानं पुसली आणि फळ्यात परत बसवली. ती उलटी बसली. निळं नाव आत, कोरी बाजू पुढं.

आर्विला काही क्षण फळ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "जोलीन, जरा बस. त्याला काहीतरी खायला दे. मला अर्धा तास लागेल."

शुक्रवारी नऊ प्राचार्य लांब टेबलाभोवती बसले. आर्विलानं कॉफी फिरवली, लिंबाच्या वड्या ठेवल्या. मॅककॉलगन यांनी ठराव वाचला, 'दु:खद पण अपरिहार्य' असं दोनदा म्हणाले आणि दोन्ही वेळा वडी घेतली. केलरचे म्हातारे प्राचार्य कपाकडं बघत बसले होते. त्यांना आधीच पुरून टाकल्यासारखे त्यांचे शेजारी त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते.

एका प्राचार्याबाईंनी विचारलं, नऊ संघांचं वेळापत्रक कुणी लावून तरी पाहिलं का?

"होत नाही," मॅककॉलगन म्हणाले. "सॉफ्टवेअरनं नाकारलंय."

आर्विलानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं, कोपऱ्यातला फळा उचलला आणि वड्यांची ताटली सरकवून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"दहाचंच लावलंय," ती म्हणाली. "दर वर्षीसारखं. केलरशी गुरुवारी जो खेळेल त्याला शनिवारी सुट्टी. शनिवारी जो खेळेल त्याला गुरुवारी. केलरला जायचं तेव्हा तीन रात्रींऐवजी एकच रात्र बाहेर. मुलींचा शुक्रवारचा वर्ग बुडतो तो अर्धाच बुडेल. अशी सुट्टी प्रत्येकाला हंगामात दोनदा, एकदा घरी, एकदा बाहेर."

प्राचार्य पुढं झुकले. ऐन हंगामात, जानेवारीतला रिकामा शनिवार म्हणजे केवढी चैन, हे त्यांना सांगावं लागलं नाही. एकानं बोटानं जोड्या मोजल्या, पुन्हा मोजल्या.

"आणि ही कोरी खुंटी कुणाची?" बाईंनी विचारलं.

"सुट्टीची," आर्विला म्हणाली. "आधी टॅमरॅकची होती."

टेबलावर हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं मॅककॉलगन हसले, कारण वारा कुठून वाहतो एवढं त्यांना नक्की कळत असे. केलरचे म्हातारे प्राचार्य हसले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून पुसायला घेतला. ठराव सातविरुद्ध दोन मतांनी पडला.

नंतर फोटो झाला. मॅककॉलगन फळ्यामागं उभे राहिले, एक हात त्यावर ठेवून, स्वतः पकडलेला मोठा मासा मिरवावा तसे. आम्ही कचेरीत बरीच डोकेफोड केली, असं ते वार्ताहराला सांगत होते. पुढच्या वर्षीपासून शिकागोचे लोकच हे लावतील, त्यांना आता युक्ती सांगितली की झालं, असंही त्यांनी सांगितलं. आर्विला कप गोळा करत होती. तिला ते ऐकू आलं आणि तिनं कप गोळा करणं चालू ठेवलं. अशा माणसावर रागवायचं म्हणजे त्याला फार मोठं करायचं.

तिनं जोलीनला फोन लावला. पलीकडं आधी बाळाचं रडणं आलं, मग जोलीनचं. आर्विला म्हणाली, मुलींना सांग, बुधवारी सराव आहे म्हणून.

फोन ठेवून बैठकीच्या खोलीत परत आली तर खोली रिकामी होती. आवराआवर करण्याचा झटका येऊन मॅककॉलगन यांनी फळा कपाटावर चढवून ठेवला होता, आणि नाव नसलेली खुंटी जादाची समजून कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. टॅमरॅकच्या जागी नुसतं भोक. ते एक भोक मोकळं राहिलं की बाकीच्या नऊ जणांचं काहीच जुळत नाही, हे शिकागोला कोण सांगणार होतं?

तिनं बाही वर सारली आणि टोपलीत हात घातला. कागदी रुमाल, वड्यांचा चुरा, ओला चोथा. खुंटी तळाशी होती. तिनं ती नळाखाली धरली. पाण्यात निळी अक्षरं चकाकली. तिनं अंगठ्यानं एकेक अक्षर चोळून स्वच्छ केलं, खुंटी स्कर्टला पुसून कोरडी केली.

मग स्टुलावर चढून तिनं फळा खाली घेतला आणि खुंटी तिच्या भोकात बसवली. कोरी बाजू पुढं.