पाटीवरची पाच अक्षरं

सुधाकरने कॅमेरा डोळ्याला लावला आणि फोटो न काढताच खाली घेतला. असं त्याने तिसऱ्यांदा केलं. सांगून आलेल्या पाहुण्याने लॉजच्या दारात तोंड पाडून उभं राहावं, ही कुठली रीत? देवकाबाईंनी नव्या लुगड्याचा पदर पुन्हा सारखा केला.

"काहून रे, नागपूरच्या कॅमेऱ्याले आमच्या सौंसरचं ऊन लागून राहिलं का?"

"तसं नाही मावशी. भिंत..."

भिंत तर दुधासारखी पांढरी होती. मागच्या आठवड्यात हा पोरगा बसमधून उतरला, छिंदवाडा रस्त्यावरच्या जुन्या लॉजांचे फोटो काढतो म्हणाला, गुरुवारी चांगला रोल घेऊन येतो म्हणाला. फोटो निघणार म्हटल्यावर कुणी तसंच बसतं का? सून पुष्पाने चुन्यात नीळ कालवली, दोघींनी पाचही खोल्यांना हात मारला, खाली गेरूचा पट्टा ओढला. चौऱ्याऐंशी सालचा उन्हाळा होता, दोघींचे खांदे दोन दिवस दुखत होते.

"इथं ट्रकवाल्यांनी कोळशानं नावं लिहिली होती. तीस वर्षांची," सुधाकर म्हणाला. "मला तीच पाहिजे होती. अन् ती गंजलेली पाटी?"

"पाण्याच्या टाक्यावर झाकण हाये आता."

"ती इथं टेकवून ठेवली तर? पत्रा सडलेला, रंगाचे पोपडे निघालेले. पाहणाऱ्याला जुने दिवस आठवतील."

पुष्पा टाक्याकडे निघाली. देवकाबाईंनी हात आडवा केला.

गंजलेल्या पाटीवर नवऱ्याचं, भगवंतरावांचं नाव होतं. मालक जाऊन एकोणीस वर्षं झाली. खाटा, चादरी, चूल, पिऊन आलेला ड्रायव्हर, जामसांवलीहून दमून आलेले भाविक, सगळं त्यानंतर बाईंनीच सांभाळलं. दारावरच्या नव्या पाटीवरची पाच अक्षरं पुष्पाने याच आठवड्यात त्यांना अंगणात कोळशाने गिरवायला काढून दिली होती. मग पिंपावर चढून त्यांनी ती स्वतः रंगवली. दे, व, का, बा. ई-ला जागा उरली नाही, ती खालच्या ओळीत उतरली.

तेवढ्यात ट्रक थांबला. ड्रायव्हरने खिडकीतून हाक दिली.

"अम्मा, दो नंबर खाली है क्या?"

"खाली है. भीत से टिकना मत, चुना ताजा है."

ड्रायव्हर हसत उतरला. सुधाकरने त्याच्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. खालच्या ओळीतल्या ई-वर त्याची नजर पहिल्यांदाच थांबली.

देवकाबाई चालत गेल्या आणि बरोबर त्या ई-खाली उभ्या राहिल्या.

"तुले जितं घर दिसत नाई, बाबू. पडलं का दिसते. पडकंच पायजे असन, तं मी मेल्यावर ये. नाई तं जे उभं हाये, त्याचा फोटो काढ."