साठपैकी अकरा

महापालिकेच्या माहिती विभागात वुर्यानीला सतरा वर्षं झाली होती. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं ते शहर दरवर्षी थोडं थोडं समुद्रात चाललं होतं, आणि ते स्मार्ट झालंय असं सांगणारे फलक मात्र चौकाचौकांत वाढत होते.

त्या वर्षी एका परदेशी संस्थेची प्रश्नावली आली. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी कोणत्या देशातली शहरं किती तयार आहेत, याची ती क्रमवारी लावणार होती. भरतीचं पाणी ओळखून आपोआप भोंगा वाजवणारे खांब किती, असा त्यात एक प्रश्न होता. वुर्यानी कार्यालयातल्या फायलीवर विसंबली नाही. स्कूटर काढून तिनं तीन दिवस किनाऱ्यावरच्या वस्त्या पालथ्या घातल्या. खांब साठ होते. चालू अकरा. बाकीच्यांच्या बॅटऱ्या चोरीला गेलेल्या, नाहीतर तारा खाऱ्या हवेनं खाल्लेल्या.

एका बंद खांबाला सार्तिनाह नावाच्या म्हातारीनं मासे वाळवायची दोरी बांधली होती. मागच्या महिन्यात पाणी शिरलं तेव्हा ती बाजारात होती. भोंगा वाजला नाही. तिचा अंथरुणाला खिळलेला नवरा खाटेवरच बुडाला. चौकशीला कुणी फिरकलंही नव्हतं.

"पोरी, मोजायला आलीयस ना? मग नीट मोज," एवढंच ती म्हणाली.

वुर्यानीनं अकरा लिहिलं. विभागप्रमुख हेंदार्तो साहेबांनी ते खोडून साठ केलं. व्हिएतनाम आपल्यापुढे दोनच पायऱ्या आहे, असं त्यांनी तिला समजावलं. जणू फुटबॉलचा सामना चालला होता.

पडताळणीला त्या संस्थेचा एक पाहुणा सिंगापूरहून आला. साहेबांचं इंग्रजी कच्चं, म्हणून दुभाषी वुर्यानीच. साठही खांब चोवीस तास पहारा देतात, असं साहेब हसतमुखानं म्हणाले. वुर्यानीनं त्याचं भाषांतर केलं नाही. तिनं पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं, की खांब साठ आहेत, चालतात अकरा, आणि त्यापायी एक माणूस बुडून मेला.

पाहुण्याचा हात थांबला. "वाईट झालं," तो म्हणाला. "पण आमच्या तक्त्यात बसवलेले किती, एवढाच रकाना आहे. व्हिएतनामचेही तसेच मोजलेत."

"म्हणजे बंद खांबांची शर्यत लावलीत तुम्ही," वुर्यानी म्हणाली.

त्यानं मान खाली घालून साठ लिहिलं.

साहेबांना इंग्रजीतलं 'अकरा' तेवढं कळलं होतं. पाहुणा जाताच त्यांनी तिला व्हरांड्यात गाठलं. "वुर्यानीबाई, परक्यासमोर देशाची अब्रू काढलीत."

"अब्रू त्या खाटेवरच बुडाली, साहेब. मी फक्त सांगितलं."

ऑगस्टमध्ये क्रमवारी लागली. देश व्हिएतनामच्या पुढे गेला. महापालिकेत, तिकडे आनंदाच्या प्रसंगी करतात तसा, पिवळ्या भाताचा डोंगर रचून कापला गेला, आणि त्याच दुपारी वुर्यानीच्या हातात कब्रस्तान विभागात बदलीचा आदेश पडला. तिनं टेबल आवरायच्या आधी बंद असलेल्या एकोणपन्नास खांबांची यादी छापली, खाली स्वतःचं नाव घालून सही केली आणि मासळीबाजाराच्या भिंतीवर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी सार्तिनाह आणि वस्तीतल्या चाळीसेक बाया वाळल्या माशांच्या टोपल्या घेऊन महापालिकेच्या फाटकात बसल्या. चार दिवस हलल्या नाहीत. पाचव्या दिवशी दुरुस्तीची गाडी निघाली. महिनाभरात सात खांब चालू झाले, मग गाडी यायची बंद झाली.

सातावर वुर्यानीचा राग निवला नाही. दर शनिवारी ती स्कूटर काढते, साठही खांबांपाशी जाते आणि बाजारातल्या भिंतीवर चालू खांबांचा नवा आकडा लावते.