चारशे सतरा निमित्तं

मंगळवारी दुपारी दिपाली आणि नाना फोनवर भांडत होते, आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं. तीन आठवडे हेच चाललं होतं. ती संस्थेच्या नगरच्या ऑफिसात, ते शेवगावजवळच्या वसतिगृहात, आणि दोघांच्याही समोर कॉम्प्युटरवर एकच यादी उघडलेली.

"नाना, चारशे सतरा झालीत. मोजून सांगते."

"असतील की. माणसं कमी हायेत का?"

संस्था ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं सांभाळायची. दसरा झाला की आईबाप कोयते बांधून कारखान्याच्या वाटेला लागत आणि मुलं हंगाम संपेपर्यंत वसतिगृहात राहत. त्यांच्या जेवणाचा बराचसा भार आसपासची गावं उचलायची. कुणी एका वेळचं जेवण द्यायचं, कुणी ज्वारीचं पोतं आणून टाकायचं. देणाऱ्यांची नोंद कॉम्प्युटरवर व्हायची: नाव, गाव, तारीख आणि शेवटी 'निमित्त' नावाचा रकाना. त्या रकान्यावर क्लिक केलं की खाली यादी उघडायची. तिच्यातून एक निवडायचं. हवं ते नसेल तर तळाशी 'नवीन जोडा' असं बटण होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले बिभीषण गुरुजी, म्हणजे दिपालीचे वडील, नाना, नऊ वर्षं विनामोबदला ते काम बघत होते आणि नऊ वर्षं ते बटण दाबत होते.

त्यामुळे यादीत 'आईचं वर्षश्राद्ध' होतं, 'आईच्या वर्षश्राद्धाचं' होतं आणि 'आई, वर्षश्राद्ध' असंही होतं. 'मोतीबिंदू निघाला' होतं. 'कोयत्यावरून सगळे सुखरूप परत' होतं. 'मुलगा दहावीला तिसऱ्या खेपेला पास', 'म्हैस सापडली', 'सासूबाई गेल्या, बोलणं राहिलं', 'नवस नाही, सहज'. एक ओळ होती: 'नाव ठेवायच्या आधी गेलेल्या लेकराचं.'

"गोरक्षनाथला एवढं खाली जायचा कंटाळा येतो," दिपाली म्हणाली. गोरक्षनाथ वसतिगृहाचा रेक्टर. "घाईत असला की पहिलीच ओळ निवडतो. 'अंगठी सापडली.' नोंदी बघितल्या तर यंदा अडतीस जणांची अंगठी सापडलीय."

नाना मनापासून हसले. हसता हसता त्यांना ठसका लागला. "त्याला सांगतो. लई आळशी हाय ते."

"त्याचा दोष नाही, यादीचा आहे. मी नऊ ठेवते. स्मृती, वाढदिवस, लग्न, यश, नवस, सण, तब्येत, शेती, इतर. बसतं सगळं."

"आणि मी पोरांना काय वाचून दाखवू?"

खरा प्रश्न हा होता. वसतिगृहात जेवणाआधी, ताटं वाढून झाली की, नाना त्या दिवशीची नोंद मोठ्यानं वाचत. आजचं जेवण बोधेगावच्या अमक्यांचं, त्यांच्या बोअरला पाणी लागलं म्हणून. मग पोरं हात जोडत आणि जेवायला सुरुवात करत. देणारा स्वतः हजर असला तर नाना वाचत नसत. त्यानंच उठून सांगायचं, अशी पद्धत. मिशा पिकलेले गडी पंगतीपुढं उभं राहून बायकोविषयी बोलताना दिपालीनं पाहिले होते.

"स्मृतिप्रीत्यर्थ, असं वाचा."

"पोरांना ते कळतं व्हय? बोअरचं पाणी कळतं." मग म्हणाले, "हे बघ दिपा, जुळी लई झालीत, ते मला दिसतं. गुरुवारी तू ये. दोघं बसू. जी सारखी हायेत ती मी सांगतो, तू काढ. बाकीच्यांना हात लावू नको तवर."

"बरं."

"सैपाकाच्या बनुबाईला हुलग्याचं शेंगोळं करायला सांगतो."

"बरं म्हटलं ना, नाना."

साडेपाचला संस्थेचे सचिव राधाकृष्ण सर टेबलापाशी आले. पुण्याच्या देणगीदार कंपनीला उद्या सकाळी तक्ता पाठवायचा होता, आणि तक्त्यात निमित्तांची गोळाबेरीज हवी होती. दिपालीनं जुन्या यादीची आणि नोंदींची एक प्रत आपल्या कॉम्प्युटरवर ठेवली. ती शिस्त तिला होती. मग एकेक गट निवडून ती विलीन करत गेली. काम सुरेख जमत होतं. पन्नास ओळी 'स्मृती'त गेल्या, तीस 'तब्येती'त. नाव न ठेवलेल्या लेकरापाशी ती थोडी थांबली, आणि मग तेही 'स्मृती'त टाकलं. सातला चारशे सतराच्या नऊ झाल्या होत्या. नानांना सांगावं असं मनात आलं. पण ते आता चिडतील, दोन दिवस वापरून बघितलं की त्यांचं त्यांनाच पटेल, गुरुवारी जाऊन समजावू, असं तिनं ठरवलं. वाटेत मेथीची जुडी घेऊन ती घरी गेली. शेवटचा साधा दिवस असा संपला.

बुधवारी दहाच्या सुमारास नानांचा फोन आला. आवाज खाली आलेला होता. वर्गात शिकवून कमावलेला तो आवाज असा ऐकायची तिला सवय नव्हती.

"दिपा, माझ्या हातून काहीतरी झालं गं."

"काय झालं?"

"यादी उडाली. काल संध्याकाळी बंद करताना काय दाबलं कुणास ठाऊक. सकाळी बघतो तर तू नव्या घालून ठेवल्या असशील त्या नऊच ओळी उरल्यात. समद्या नोंदींच्या पुढं स्मृती आणि इतर, स्मृती आणि इतर. लोकांचं सांगितलेलं सगळं गेलं." मग म्हणाले, "तू म्हणत हुतीस, मला झेपत न्हाई. खरं हाय तुझं."

तिनं असं कधी म्हटलं नव्हतं. मनात मात्र आलं होतं.

त्या क्षणी सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. शेजारच्या टेबलावर राधाकृष्ण सर बसले होते, तक्ता नुकताच गेला होता, आणि आत्ता सांगितलं तर नाना सगळं परत पूर्ववत करायला लावतील हेही तिला दिसत होतं. आणखी एक गोष्ट होती, ती तिनं पुढं कितीतरी दिवस स्वतःशीसुद्धा कबूल केली नाही. नानांनी हार मानली, याचं तिला बरं वाटलं होतं.

"बघते संध्याकाळी," ती म्हणाली. "तुम्ही काही करू नका."

"परत येईल का?"

"बघते म्हटलं ना."

दुपारी चारला गोरक्षनाथचा फोन आला. गुरुजींच्या छातीत कळ आली, रेक्टरच्या खोलीतल्या खाटेवर जरा पडतो म्हणाले, गाडी येईपर्यंत संपलं.

दहाव्याला, तेराव्याला माणसं आली. सगळी एकच गोष्ट सांगत होती, कारण नानांनीच ती त्या दिवशी भेटेल त्याला सांगितली होती. त्या सकाळी पंगतीपुढं उभं राहून त्यांनी पोरांची माफी मागितली होती. माझ्या हातून यादी पुसली गेली, आजचं जेवण कशासाठी ते मला सांगता येत नाही. मग पंगत उठल्यावर ते कागद घेऊन बसले आणि आठवतील तशी निमित्तं लिहून काढायला लागले. गोरक्षनाथनं ते तीन कागद दिपालीच्या हातात दिले. शिक्षकाचं अक्षर, समासासह. एकशे बारा झाली होती. काहींपुढं नाव आठवलं नव्हतं म्हणून प्रश्नचिन्ह होतं.

"त्या यंत्रानं माणूस खाल्ला," बनुबाई म्हणाली. नऊ वर्षं नाना वाचत आणि ती वसतिगृहाचा स्वयंपाक करत आली होती. "मी म्हनलं गुरुजी दोन घास खा. म्हनले, लोकांनी इस्वासानं सांगितलेलं हुतं गं. जेवले न्हाईत."

शोकसभेत राधाकृष्ण सर चांगलं बोलले. नानांची निष्ठा, नानांचा साधेपणा. शेवटी जरा हसून म्हणाले, वय झालं होतं, अलीकडे थोडा गोंधळ व्हायचा त्यांचा, पण आम्ही कधी मनावर घेतलं नाही. माणसांनी समजूतदारपणे माना हलवल्या. दिपाली पहिल्या रांगेत बसली होती. गोंधळ कधीच होत नव्हता. तिनं मान खाली घातली आणि लोकांना वाटलं ती रडते आहे.

पुढचे पंधरा दिवस ती ऑफिसात जाऊन येऊन होती. जुन्या यादीची प्रत तिच्या कॉम्प्युटरवर तशीच होती. एका दुपारी तिनं ती परत चढवायचं ठरवलं, आणि हात आवरला. यादी परत आली तर लोक म्हणतील, बघा, पोरीनं बापाची चूक निस्तरली. ती खूप वाचणारी होती. मृत्यूवर, अपराधावर मोठमोठी माणसं काय म्हणून गेली ते तिला पानं सांगण्याइतकं आठवायचं. त्यातलं एकही वाक्य उपयोगी पडेना.

महिन्याच्या तिथीला तिनं वसतिगृहात जेवण दिलं. रविवार होता, शाळा नसल्यानं पोरं वसतिगृहातच होती. बनुबाईनं पहाटेपासून राबून लापशी केली होती. दिपाली पीठ मळायला बसली तर तिला उठवलं. "तुमी नगं, ताई. तुमी आज देनाऱ्या."

गोरक्षनाथ कॉम्प्युटरपाशी नोंद करत होता. नाव, गाव, तारीख. मग त्यानं शेवटच्या रकान्यावर क्लिक केलं आणि नऊ ओळी उघडल्या. काम किती सोपं झालं होतं. वर-खाली करायची गरजच नव्हती.

"ताई, स्मृती टाकू ना?"

ती त्या नऊ ओळींकडे बघत राहिली. सगळ्या तिनंच निवडल्या होत्या. शुद्ध, आटोपशीर, कुणालाही कळतील अशा.

"राहू दे रिकामं," ती म्हणाली.

"रिकामं घेत न्हाई ते. काहीतरी टाकावंच लागतं."

"मग थोडं थांब."

पंगत बसली होती. साठ-पासष्ट पोरं, दोन रांगा. लापशीवर तूप पडत होतं आणि थंडीत त्याचा वास सगळ्या पडवीभर पसरला होता. राधाकृष्ण सर मुद्दाम नगरहून आले होते, भिंतीकडेला खुर्चीवर बसले होते. वाढून झालं. पोरांनी हात मागे घेतले आणि सवयीनं, जिथं नाना उभे राहत तिकडे माना वळवल्या. तिथं गोरक्षनाथ होता. त्यानं दिपालीकडे पाहिलं.

ती उठून पुढं आली. बनुबाई पळी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

"आजचं जेवण बिभीषण गुरुजींचं," दिपाली म्हणाली. आवाज तिला परका वाटला. "मी त्यांची मुलगी. त्यांना जाऊन महिना झाला."

पोरं हात जोडायला लागली. तिनं हातानं थांबवलं.

"निमित्त सांगायचं राहिलंय. गुरुजींनी तुमची माफी मागितली होती ना, यादी पुसली म्हणून?"

"व्हय," रांगेतून दोन-तीन आवाज आले.

"ती त्यांनी पुसली नव्हती. मी पुसली. नगरला बसून. गुरुवारपर्यंत हात लावू नको म्हणाले होते, मी मंगळवारीच लावला."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. राधाकृष्ण सर काहीतरी म्हणाले, "दिपाली, अगं," असं काहीसं. तिनं तिकडे बघितलं नाही. बनुबाईकडे बघायचा धीर तिच्यात नव्हता, तरी बघितलं. बनुबाईच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. ती नुसती ऐकत होती.

"सकाळी त्यांचा फोन आला. म्हणाले, माझ्या हातून चूक झाली, मला आता झेपत नाही. मला माहीत होतं कुणाचा हात होता. मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला."

तिला वाटलं इथंच संपलं. पण तोंडासमोर पोरांच्या माना होत्या, त्या अजून वळलेल्या होत्या, आणि ज्याला सांगायचं होतं तो त्या रांगांमध्ये कुठंच नव्हता. ती भिंतीकडे वळली नाही, आभाळाकडेही नाही. समोर, ताटांकडे बघत, रोज बोलायची त्याच आवाजात म्हणाली,

"नाना, तुम्ही काही दाबलं नव्हतं. तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मी होते."