मैनाच्या नावाचा दाखला

मी एक दाखला आहे, देवी काढल्याचा, म्हणजे देवीच्या रोगावरची लस टोचल्याचा. पंज्याएवढा पिवळट कागद, त्यावर छापलेल्या चार ओळी आणि शाईने भरलेल्या तीन. माझ्यावरची सही खरी आहे, शिक्का खरा आहे, तारीखही खरी आहे. तरी मी खोटा आहे. कसा, ते सांगतो.

१९७३ सालच्या जूनमधली गोष्ट. भिवंडीजवळच्या कोन गावात मैना दौलत भोईर मॅट्रिक पास झाली. आळीतली मॅट्रिक झालेली ती पहिली मुलगी. बाप नव्हता. थोरली बहीण तुळजा चौथीतच शाळा सोडून लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जात होती. मैनासाठी कॉलेजचा अर्ज तिनेच भिवंडीहून आणला. अर्जात एक ओळ होती : देवी काढल्याचा दाखला जोडल्याशिवाय प्रवेश मिळणार नाही.

मैनाने ती ओळ मोठ्याने वाचली आणि भाकरी थापणाऱ्या धोंडूबाईचा, म्हणजे त्यांच्या आईचा, हात थांबला.

तिला राघो नावाचा मुलगा होता. त्याला आणि तुळजाला एकाच दिवशी टोचलं होतं. तिसऱ्या दिवशी राघोला ताप भरला, अंगावर देवी उठल्या आणि पोर गेलं. रोग आधीच अंगात भिनला होता, सुईचा दोष नव्हता, असं तिला सगळ्यांनी सांगितलं. तिला ते पटलं नाही. मैना तेव्हा पोटात होती. धोंडूबाईने देवीपुढे नारळ ठेवला आणि बोलून बसली, की ह्या लेकराला सुई लावणार नाही, तू त्याला सांभाळ. पुढे टोचणारे गावात आले, की मैनाची रवानगी दापोड्याला मामाकडे होई.

"मी घेते टोचून, आये. मी भीत न्हाय," मैना म्हणाली.

धोंडूबाई भांडली नाही. ती जेवायची थांबली. दोन दिवस तिने पाण्याखेरीज काही घेतलं नाही. अर्जाची मुदत चार दिवसांवर आली होती.

तेव्हा तुळजाने वाट काढली. तिनेच काढली, हे मला सांगितलंच पाहिजे.

गावात सावळाराम नावाचा लस टोचणारा सायकलवरून येई. गाव त्याला देवीडाक्तर म्हणे. भला माणूस, पण बायकांशी बोलताना जमिनीकडे बघणारा. तोवर मी त्याच्या पिशवीत कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात होतो. तो ओटीवर बसला तेव्हा धोंडूबाईने सांगितलं, की मैना बाहेरची झाली आहे, पडवीत बसली आहे, तिला चार दिवस समोर येता यायचं नाही.

"सरकारी सुईला विटाळ न्हाय, वैनी," तो म्हणाला. पण गोणपाटाचा पडदा बाजूला करायचं त्याला धाडस झालं नाही. त्याने हात तेवढा बाहेर काढायला सांगितला.

पडद्याआडून हात आला. तो तुळजाचा होता. आत मैना पदर तोंडात कोंबून हसत होती.

सावळारामने सुई लसीत बुडवली, दंडावर टोचली आणि जुनी खूण पाहून म्हणाला, "आधी काढलेल्या हायत की. मंग घाबरता कशाला?" मग त्याने मला मांडीवर घेतलं आणि लिहिलं : मैना दौलत भोईर. जुना वण आहे. पुन्हा टोचली.

त्या दिवशी धोंडूबाई जेवली. कॉलेजच्या कारकुनाने माझी नक्कल ठेवून घेतली आणि मला परत दिलं. मैना भिवंडीला जाऊ लागली. घरी आली, की ती कॉलेजातल्या बाईंची नक्कल करी आणि तुळजा कारखान्यातल्या मुकादमाची. मी पत्र्याच्या पेटीत मैनाच्या पुस्तकांवर पडून असे. ते महिने सुखाचे गेले. मीही स्वतःला खरा समजू लागलो होतो.

फाल्गुनात शेजारच्या पाड्यावर एकाला देवी आल्या. लगेच सावळाराम घरोघर फिरू लागला. आमच्या दारात आला तेव्हा मैना समोरच उभी होती. धोंडूबाईने पेटी उघडून मला पुढे केलं.

सावळाराम हसला. "हिला मीच टोचलंय. सही माझीच हाय."

तुळजा तिथेच होती. तिने तोंड उघडलं. आईने तिच्याकडे पाहिलं, मैनाच्या हातात कॉलेजची वही होती, आणि तुळजाने तोंड मिटलं. सावळाराम पुढच्या दारी गेला. मी मैनाच्या आणि सुईच्या मध्ये उभा राहिलो होतो. बोलता आलं असतं तर तेव्हा बोललो असतो.

पंधरा दिवसांनी मैनाला ताप आला. पाचव्या दिवशी तिचं तोंड ओळखू येईना.

तालुक्याचे साहेब आले, सावळाराम आला. मला हातात धरून सावळाराम पुन्हा पुन्हा माझ्यावरची सही बघत होता. गल्लीतल्या सगळ्यांना नव्याने टोचायचं ठरलं. पण शेजारची गुणाबाई नातवाला कडेवर घेऊन दारात आडवी झाली.

"मैनाची काढली व्हती ना? कागद हाय ना तसा? तरी आली. मंग माझ्या पोराला कशाला भोसकता?"

एकेक दार बंद होऊ लागलं. साहेब समजावत होते, कुणी ऐकत नव्हतं. त्यांच्या सगळ्यांच्या तोंडी मी होतो.

तुळजा बाहेर आली. कधी चार माणसांत न बोललेली मुलगी. तिने सावळारामच्या हातून मला घेतलं आणि गुणाबाईसमोर धरलं.

"काकी, ह्यावर नाव मैनाचं हाय. हात माझा व्हता. तिला सुई लागलीच न्हाय."

तिने पोलक्याची बाही वर केली. दंडावर जुन्या वणाशेजारी नवा वण होता. सावळाराम पायरीवर खाली बसला, डोक्याला हात लावून. मग गुणाबाईने नातवाचा दंड पुढे केला. तिच्यामागे एकेक जण आला.

धोंडूबाई दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "तू तिचं कॉलेज घालवलंस."

तिला अजून वाटत होतं, की मैना उठेल आणि कॉलेजला जाईल.

तिसऱ्या दिवशी मैना गेली. तिची गोधडी, कपडे, वह्या, पुस्तकं, सगळं अंगणात जाळलं. मी साहेबांच्या कागदांत होतो म्हणून वाचलो. त्यांनी माझ्यावर लाल शाईची आडवी रेघ ओढली. गल्लीत पुन्हा कुणाला देवी आल्या नाहीत. गुणाबाई आता तुळजाला ताटावर बसवल्याशिवाय घरी सोडत नाही. पण धोंडूबाई लेकीशी बोलेनाशी झाली. दोघी एका चुलीवरचं खात आणि भिंतीशी बोलल्यासारख्या वावरत.

पावसाळा संपता संपता सावळारामची बदली झाली. जायच्या आधी त्याने मला साहेबांच्या कागदांतून काढून खिशात घालून आणलं, तुळजाच्या हाती दिलं आणि सायकलवर बसला. तुळजा मला चुलीत घालायला निघाली होती.

"थांब," धोंडूबाई म्हणाली. सहा महिन्यांनी ती लेकीशी बोलली. "ह्यात तिचं नाव कुठं हाय?"

तुळजाने आईचं बोट धरलं आणि शाईच्या पहिल्या ओळीवर टेकवलं. धोंडूबाईला वाचता येत नाही. ती बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसली.

आता मी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात असतो. कडा कुरतडल्या आहेत, शिक्का फिकटला आहे. कधीमधी धोंडूबाई मला काढते आणि तुळजाला नाव दाखवायला लावते. मला कुठल्या कचेरीत नेऊ नका. मी सांगेन ते मानू नका. माझ्यामुळे एक पोर गेली. पण जाळूही नका. ह्या घरात मैनाचं नाव लिहिलेलं दुसरं काही उरलेलं नाही.